दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी ठणका वाढला, तर

तुमचे सगळे प्रश्न आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमचे वडील 56 वर्षांचे आहेत, शेती करतात, त्यांना काही वर्षांपासून शुगर आहे आणि खर्र्याची, म्हणजे तंबाखू, चुना आणि सुपारी घोटून केलेल्या मिश्रणाची, जुनी सवय आहे. चार दिवसांपूर्वी तालुक्याच्या गावी त्यांची खालची उजवी दाढ काढली. पहिले दोन दिवस बरे गेले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पुन्हा खर्रा तोंडात टाकला, आणि तिसऱ्या रात्रीपासून कानापर्यंत ठणका लागला आहे, तोंडाला घाण वास येतो आहे आणि झोप नाही. ताप नाही, बाहेरून सूज नाही. शेजारीपाजारी म्हणतात की मूळ आतच राहिले. मेडिकलवाला म्हणतो की जास्त पॉवरची अँटिबायोटिक देतो. आणि कापूस वेचणी सुरू असल्यामुळे वडील पुन्हा तालुक्याला यायला तयार नाहीत. वरचीही एक दाढ दुखते, ती काढली तर नजर कमी होते का, हेही तुम्ही शेवटी विचारले आहे.

तुम्ही गोळीचे नाव विचारले आहे, पण खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. हे दुखणे जखम भरताना होणारे आहे की जखम भरायची थांबल्यामुळे होणारे आहे, हे एकदा ठरले की औषधाचा प्रश्न आपोआप सुटतो. तोंडात पाहिल्याशिवाय कोणताही दंतवैद्य खात्रीचे निदान करू शकत नाही आणि मीही तसा दावा करणार नाही. तरीही तुम्ही दिवसांचा जो क्रम सांगितला आहे तो इतका बोलका आहे की, माझ्या दवाखान्यात असा रोगी आला तर खुर्चीवर बसण्याआधीच माझ्या मनात एक नाव येईल, ते म्हणजे ड्राय सॉकेट.

ते समजण्यासाठी दाढ निघाल्यावर आत काय होते ते पाहू. जबड्याच्या हाडात मुळांच्या आकाराची पोकळी उरते आणि ती रक्ताने भरते. डॉक्टर जो बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायला सांगतात, त्याच्या दाबाखाली हे रक्त साकळून गुठळी तयार होते. गुडघा फुटल्यावर वर जशी खपली धरते, तसेच या गुठळीचे काम असते. फरक इतकाच की तोंडात सतत ओल असल्यामुळे ही खपली कधी वाळत नाही, मऊच राहते आणि सहज निसटते. म्हणूनच पहिले 24 तास चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने काही ओढू नका, असे आम्ही पुन्हा पुन्हा बजावतो. गुठळी जागेवर टिकली तर तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, साधारण आठवडाभरात लालसर मऊ ऊती तयार होतात, तीन-चार आठवड्यांत वरून हिरडीचे आवरण येते, आणि आतले हाड भरून यायला तीन ते सहा महिने लागतात. त्यामुळे महिनाभराने जिभेला खड्डा लागला तर ते बिघडल्याचे लक्षण नाही.

आता दुखण्याकडे वळू. खालच्या दाढेची भूल तीन-चार तासांत उतरते, ओठ त्याहून थोडा अधिक वेळ बधिर राहू शकतो, आणि पहिल्या रात्री सगळ्यांत जास्त दुखते. त्यानंतर ते रोज थोडे कमी व्हायला हवे. सुजेचे गणित वेगळे आहे, कारण सूज दोन-तीन दिवस वाढते आणि मग ओसरते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गाल फुगलेला दिसला तर लगेच घाबरण्याचे कारण नसते. उलट सूज अजिबात नसताना तिसऱ्या दिवशी ठणका पहिल्या रात्रीपेक्षा वाढला, तर मात्र थांबण्यात अर्थ नसतो. ‘किती दुखते’ या प्रश्नाला प्रत्येक जण आपापल्या सहनशक्तीप्रमाणे उत्तर देतो, आणि शेतात काम करणारी आमच्याकडची माणसे तर हमखास कमीच सांगतात. त्यामुळे मी ‘कालच्यापेक्षा आज कमी आहे की जास्त’ एवढेच विचारतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत याचे उत्तर स्पष्टपणे ‘जास्त’ असे आहे.

ड्राय सॉकेटमध्ये ही गुठळी विरघळून जाते किंवा निघून जाते आणि आतले हाड उघडे पडते. उघड्या हाडाला लाळ, अन्नाचे कण, पाणी, हवा सगळे लागते आणि तिथून ठणका निघून कानाकडे, कानशिलाकडे किंवा हनुवटीकडे जातो, कारण त्या भागाला संवेदना पुरवणारी नस एकच आहे. हा त्रास बहुधा दाढ काढल्यापासून दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो. खालच्या जबड्यात तो वरच्यापेक्षा जास्त आढळतो. साध्या काढणीत शंभरात एक ते पाच जणांना तो होतो, तर खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेच्या बाबतीत हे प्रमाण बरेच वर जाते. 1896 पासून दंतवैद्यकात याची याच नावाने नोंद आहे आणि उत्तम हाताच्या डॉक्टरांच्या रोग्यांनाही तो होतो. तेव्हा दाढ काढणाऱ्याने काही तरी बिघडवले असेल, या समजुतीने तुम्ही त्यांच्याकडे परत जायचे टाळू नका.

घरी एक गोष्ट पाहता येईल. वडिलांना उजेडाकडे तोंड करून बसवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि स्वच्छ चमच्याच्या दांड्याने गाल हळूच बाहेर ओढून धरा. खड्ड्यात काळपट लाल किंवा गडद तपकिरी गोळा दिसला तर गुठळी शाबूत आहे. त्यावर पिवळसर पांढरा पातळ थर दिसला तर तो पू समजून खरवडू नका. भरणाऱ्या जखमेवर असा थर येतोच, आणि काही लोक तो काडीला कापूस गुंडाळून पुसून काढतात, त्याने चांगली भरणारी जखमही उघडी पडते. खड्डा रिकामा असेल, तळाशी किंवा बाजूला फिकट राखाडी हाड दिसत असेल, अन्नाचा लगदा साचलेला असेल आणि जवळून वास येत असेल, तर ड्राय सॉकेटची शक्यता फार मोठी आहे. एवढे पाहून थांबा. आत बोट, काडी, सुई काहीही घालू नका. आणि काही स्पष्ट दिसले नाही तरी वाढत्या ठणक्यापुढे टॉर्चची साक्ष कमी महत्त्वाची आहे, हे लक्षात ठेवा.

मूळ राहिल्याची शंका आमच्या भागात प्रत्येक दुखऱ्या काढणीनंतर घेतली जाते. दाढेची मुळे वाकडी असतात, त्यांचे टोक कधी तुटते, आणि ते टोक खालच्या मोठ्या नसेजवळ असेल तर ओढाताण करून नस दुखावण्यापेक्षा ते तिथेच ठेवणे शहाणपणाचे ठरते; मात्र तसे केल्यास डॉक्टरांनी रोग्याला सांगणे आणि कागदावर लिहिणे आवश्यक असते. असा तुकडा महिनोन् महिने गप्पही राहू शकतो. त्याच्यामुळे नेमका तिसऱ्या दिवशी, वास येणाऱ्या रिकाम्या खड्ड्यासह ठणका लागणे हे नेहमीचे चित्र नाही. तरी शंका मनात ठेवण्यापेक्षा तिथे गेल्यावर छोटा एक्स-रे काढून घ्या, म्हणजे मुळाचा प्रश्न त्याच दिवशी संपेल.

आता मेडिकलवाल्याच्या सल्ल्याबद्दल. अँटिबायोटिक ही वेदनाशामक गोळी नाही आणि तिची ‘पॉवर’ वाढवून ठणका कमी होत नाही. ड्राय सॉकेटमध्ये दुखते ते उघड्या हाडामुळे, आणि ते हाड झाकले जाईपर्यंत कोणतीही कॅप्सूल त्याच्यावर पांघरूण घालू शकत नाही. अशा रोग्यांनी माझ्याकडे येण्याआधी दोन-तीन प्रकारच्या अँटिबायोटिक अर्धवट खाल्लेल्या असतात. दुखणे तसेच असते, वर जुलाब आणि जळजळ सुरू झालेली असते. अँटिबायोटिकची गरज तेव्हा असते, जेव्हा जंतुसंसर्ग पसरत असल्याची खूण दिसते, म्हणजे ताप, वाढती सूज, पू, जबड्याखाली दुखऱ्या गाठी. किंवा रोग्याची प्रतिकारशक्ती इतकी कमी असते की डॉक्टरांना वाट पाहणे धोक्याचे वाटते. वडिलांना शुगर असल्यामुळे त्यांच्या बाबतीत हा दुसरा मुद्दा लागू पडू शकतो, परंतु तो निर्णय तोंड पाहून आणि शुगर तपासून घ्यायचा असतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणे कायद्यातही बसत नाही. डॉक्टरांनी आधीच एखादा कोर्स दिला असेल तर तो त्यांना विचारल्याशिवाय मध्येच सोडू नका किंवा बदलू नका. आणि त्यात मेट्रोनिडाझोल असेल तर तेवढे दिवस दारूला, मग ती दुकानातली असो की मोहाची, हात लावू देऊ नका, कारण त्या दोन्हींच्या एकत्र येण्याने उलट्या आणि छातीत धडधड होऊ शकते.

दवाखान्यात जे करतात ते ऐकल्यावर वडिलांचा नकार कदाचित मावळेल. पुन्हा दाढ काढण्यासारखे काही नसते. कोमट सलाईनने खड्डा हलक्या हाताने धुऊन आतले अन्नकण काढतात, फार दुखत असेल तर आधी भूल देतात, आणि मग लवंगेच्या तेलातील युजेनॉल असलेले औषध लावलेली गॉझची छोटी पट्टी किंवा तसाच तयार लगदा खड्ड्यात हलकेच ठेवतात. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटांचे काम असते. ड्रेसिंग बसल्यावर काही वेळातच ठणका निम्म्याहून कमी झाल्याचे बहुतेक रोगी सांगतात, आणि चार दिवस न झोपलेला माणूस कधी कधी खुर्चीवरच पेंगायला लागतो. काही प्रकारची ड्रेसिंग आपोआप विरघळतात, गॉझची पट्टी मात्र डॉक्टरांनीच काढावी लागते. ती किती दिवसांनी बदलायची हे निघण्याआधी विचारून घ्या, कारण महिनाभर विसरून राहिलेली पट्टीच पुढे जखम भरू देत नाही. साधारण आठवडा ते दहा दिवसांत हाडावर नव्या ऊती चढतात आणि त्रास थांबतो.

उपचार न करताही ड्राय सॉकेट शेवटी भरतो, हे मी लपवणार नाही. ज्यांचा ठणका सहन होण्याजोगा आहे आणि ज्यांना शुगर किंवा दुसरा आजार नाही, अशा तरुण रोग्याला रस्ता बंद असताना फोनवर मी चार दिवस काढायला सांगूही शकतो. तुमच्या वडिलांना तसे सांगणार नाही, कारण शुगरवाल्या माणसाचा साधा ड्राय सॉकेट आणि सुरू होणारा जंतुसंसर्ग यांत फरक पाहिल्याशिवाय कळत नाही.

जाईपर्यंतच्या एका रात्रीपुरते काय करावे ते सांगतो. एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात धरायचे, मान त्या बाजूला कलती ठेवायची आणि पाणी जोराने न थुंकता नुसते बेसिनमध्ये सोडून द्यायचे. जेवणानंतर प्रत्येक वेळी असे करा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमची एक किंवा 650 ची एक गोळी सहा तासांच्या अंतराने घेता येते. तिच्यासोबत जेवणानंतर आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम घेतल्यास दोन्ही मिळून चांगला आराम पडतो. परंतु ज्यांना किडनीचा त्रास, जठरात अल्सर किंवा दमा आहे, ज्यांच्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू आहेत, त्यांनी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ नये, आणि जुन्या शुगरमध्ये किडनीवर परिणाम झालेला असू शकतो म्हणून वडिलांसाठी तालुक्याच्या डॉक्टरांना फोनवर विचारूनच ती गोळी द्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीत आधीच पेनकिलर असेल तर तिच्यात काय आहे ते पाहा. एकच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जाणे ही मी नेहमी पाहतो अशी गोष्ट आहे. गोळी कुस्करून खड्ड्यात भरणे, लवंगेचे तेल थेट ओतणे, हळद, तुरटी, तंबाखूची राख किंवा तपकीर दाबणे, यांपैकी काहीही करू नका. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीने हिरडी पांढरी पडून भाजल्यासारखी झालेले रोगी आमच्याकडे येतात, आणि शुद्ध लवंग तेलही उघड्या जखमेला पोळते. दवाखान्यात तेच औषध मोजून, मिसळून वापरलेले असते.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की त्यांत सकाळची वाट पाहायची नसते. जबड्याखाली किंवा गळ्याकडे पसरणारी टणक सूज, तोंड उघडता न येणे, थुंकी गिळता न येऊन लाळ बाहेर गळणे, जीभ वर उचलल्यासारखी होणे, आवाज घोगरा होणे, श्वास जड होणे, थंडी वाजून ताप येणे, यांपैकी काहीही दिसले तर 108 वर फोन करून रात्रीच उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. खालच्या दाढेचा जंतुसंसर्ग जिभेखालून गळ्यात उतरला तर श्वासनलिकेवर दाब येतो आणि अशा वेळी काही तासांचाही उशीर जिवावर बेतू शकतो. रक्ताबद्दलही सांगतो: पहिल्या दिवशी थुंकी गुलाबी दिसणे साहजिक आहे, कारण थोडेसे रक्त भरपूर लाळेत मिसळले की बरेच वाटते. ताजे लालभडक रक्त तोंडात भरत असेल तर स्वच्छ सुती कापडाची घट्ट घडी करून नेमकी खड्ड्यावर ठेवावी आणि दर दोन मिनिटांनी काढून न पाहता सलग अर्धा तास चावून धरावी. दोनदा असे करूनही रक्त थांबले नाही तर दवाखाना.

खर्र्याबद्दल थोडे सविस्तर बोलावे लागेल. सिगारेट-बिडीमुळे ड्राय सॉकेटचा धोका वाढतो याचे पुरावे भक्कम आहेत. खर्र्याबद्दल तितका अभ्यास झालेला नाही, तेव्हा पुढचे मी माझ्या अनुभवावरून आणि शरीराच्या कार्यपद्धतीवरून सांगतो आहे. तंबाखूतले निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणजे ज्या काळात जखमेला रक्त हवे असते त्याच काळात ते कमी मिळते. चुना ताज्या जखमेला भाजतो. पन्नीत घोटलेल्या सुपारीचे बारीक दाणे खड्ड्यात जाऊन बसतात, आणि वरचेवर पिचकारी मारताना तोंडात जो ओढा तयार होतो त्याने मऊ गुठळी उचकटते. तुमच्या वडिलांचा ठणका खर्रा सुरू केल्यानंतर लागला, हा केवळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पानठेल्यावर समोर घोटून मिळणारा खर्रा कोणी सोडत नाही, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून मी ‘आयुष्यभरासाठी सोडा’ या वाक्याने सुरुवात करत नाही. ड्रेसिंग झाल्यापासून किमान दहा दिवस खर्रा, तंबाखू, बिडी, आणि घरातील बायकांच्या बाबतीत गुडाखू (दातांना घासायची तंबाखूची लुगदी), पूर्ण बंद, एवढेच आधी ठरवायचे. दहा दिवस निभले तर पुढचे बोलणे सोपे जाते. मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

त्याच निमित्ताने वडिलांचे तोंड किती उघडते ते पाहा. ठणका गेल्यावर, घाई न करता, त्यांची स्वतःची तीन बोटे उभी करून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन बोटे जात नसतील, गालाच्या आतली बाजू पांढरट आणि ताठ लागत असेल, तिखट सहन होत नसेल, तर तो सुपारीमुळे होणारा सबम्युकस फायब्रोसिस असू शकतो आणि त्याचे रूपांतर कर्करोगात होण्याचा धोका असतो. दाढ काढलेली जागा तीन-चार आठवडे उलटूनही भरत नसेल, तिथे मांस वाढल्यासारखे दिसत असेल किंवा खालचा ओठ बधिर राहत असेल, तर पुन्हा पुन्हा ड्रेसिंग करत न बसता तुकडा तपासणीला पाठवायला हवा. तंबाखू खाणाऱ्या माणसाची न भरणारी जखम मी कधीच साधी धरत नाही.

शुगरच्या बाबतीत, जाण्याआधी उपाशी राहू नका. भूल देऊन दात काढायला किंवा ड्रेसिंगला उपाशीपोटी जायचे नसते. सकाळी नाश्ता करून, नेहमीची गोळी घेऊन जावे. आदल्या दिवशीचा किंवा त्या सकाळचा शुगरचा आकडा सोबत असावा. तो फार वाढलेला असेल तर जखम हळू भरते, आणि जखमेत जंतुसंसर्ग असेल तर शुगर आणखी वाढते, अशी ती दुहेरी गाठ आहे. बीपीच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या मात्र दात काढायचा म्हणून स्वतःहून बंद करू नयेत. हृदयासाठी दिलेली गोळी बंद केल्याने होणारे नुकसान हिरडीतून येणाऱ्या रक्तापेक्षा कितीतरी मोठे असू शकते.

आपल्या विदर्भातील वाचकांसाठी एक गोष्ट इथेच नोंदवतो, जरी तुम्ही ती विचारलेली नाही. घरात कोणाला सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, असेल तर दात काढण्याआधी डॉक्टरांना कार्ड दाखवा. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया या पट्ट्यात हा आजार नवा नाही आणि 2023 मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून तपासण्याही वाढल्या आहेत. वाहक असलेल्या व्यक्तीला सहसा अडचण येत नाही, पण प्रत्यक्ष रुग्णाला शरीरातील पाणी कमी होणे, जंतुसंसर्ग आणि दुखण्याचा ताण यांमुळे वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा रुग्णाने दात काढण्याआधी आणि नंतर भरपूर पाणी प्यावे, आणि मे महिन्याच्या उन्हात दुपारी दुचाकीवर तालुक्याला येऊ नये. सिकलसेल असताना तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी चुकीचा आकडा दाखवू शकते, हेही डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यावे.

वरच्या दाढेने नजर जाते का, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दिसण्याची नस वेगळी आणि दातांची नस वेगळी. दाताच्या नसेचे फाटे डोळ्याजवळून जातात म्हणून वरच्या दाताचा ठणका डोळ्यामागे जाणवतो, पण दृष्टीशी त्यांचा संबंध नाही. चाळिशी-पन्नाशीत चष्मा लागतो आणि दाढाही त्याच सुमारास निघू लागतात, एवढ्यावरून ही समजूत रुजली असावी, असे मला वाटते. वरच्या दाढेचा खरा शेजारी डोळा नसून गालाच्या हाडातील पोकळी, म्हणजे सायनस आहे. मुळे तिच्या अगदी जवळ असतात, कधी मध्ये कागदाइतके पातळ हाड असते, आणि काढताना तिथे छिद्र पडले तर पाणी पिताना ते नाकातून येते. त्यासाठी आधी एक्स-रे काढून अंदाज घेतात आणि नंतर काही दिवस नाक शिंकरू नका असे सांगतात. तरीही वरची दाढ काढायचीच आहे असे धरून चालू नका. ती हलत नसेल आणि वरचा भाग पुरेसा शिल्लक असेल तर रूट कॅनाल करून ती वाचू शकते, आणि एक दाढ गेल्यावर उरलेल्या दाढेची किंमत वाढते. खर्च आणि फेऱ्या जास्त लागतात हे खरे. घरची परिस्थिती पाहून तो निर्णय तुम्हीच घ्यायचा आहे. आमच्याकडे काही लोक फ्लोराइडच्या पाण्यामुळे पिवळे-तपकिरी झालेले पण घट्ट दातही काढून मागतात. डाग हे दात काढण्याचे कारण होऊ शकत नाही. काहीही ठरले तरी खालची जखम भरेपर्यंत वरच्या दाढेला हात लावू नये.

जेवणात गरम नसलेली मऊ खिचडी, वरण-भात, ज्वारीच्या कण्या, आंबील, ताक, कुस्करलेली पोळी चालेल. जवसाची आणि तिळाची चटणी, शेंगदाण्याचा कूट, चिवडा दोन आठवडे बाजूला ठेवा, कारण हे बारीक कण खड्ड्यात बसले की चूळ भरूनही निघत नाहीत. तिखट रस्सा आणि ठेचाही तेवढे दिवस नको. वेचणीचे काम ड्रेसिंगच्या दुसऱ्या दिवसापासून करता येईल. पण कापसाची गाठोडी उचलणे आणि तासन् तास वाकून राहणे यांनी ठणका वाढतो, म्हणून ते काम दोन-तीन दिवस दुसऱ्या कोणाला द्या.

उद्या सकाळी जाताना जिथे दाढ काढली तिथेच आधी जा, कारण मुळे कशी होती, किती वेळ लागला, टाके घातले का, हे त्यांनाच माहीत आहे. ते शक्य नसेल तर ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या दिवशी असतात हे फोनवर विचारून तिथे जा. बाजारात बसून किंवा पाटीवर नोंदणी क्रमांक नसताना दात पाहणाऱ्याकडे नेऊ नका. जुनी चिठ्ठी, उरलेल्या गोळ्यांची पाकिटे, शुगरचा कागद आणि आधी काढलेला एक्स-रे सोबत ठेवा. बाहेर नंबर लावताना नुसते ‘दात दुखतो’ असे सांगू नका. ‘दाढ काढून चार दिवस झाले, शुगर आहे आणि कालपासून ठणका वाढला आहे’ असे सांगा, म्हणजे गर्दीच्या दिवशीही त्यांना आधी आत घेतील.